कागद-सिमेंटची कुंडी : एक पावसाळा काढल्यावर

कागदाचा लगदा आणि सिमेंट कालवून घरी केलेली कुंडी गोव्यात टिकते का, असे हल्ली बरेच जण विचारतात, कारण आमच्या पडवीत आणि गच्चीवर त्या दिसतात. टिकते. पण करणाऱ्याने सिमेंटला त्याचा वेळ दिला असेल तरच. नेमकी ही वेळेची बाब वगळून बाकी सगळे शिकवणारे वर्ग आणि व्हिडिओ सध्या उदंड झाले आहेत. त्यातलाच एक वर्ग आम्ही केला, त्यापासून सुरुवात करतो.

माझी नोकरी बांधकामांवर देखरेख करण्यात गेली. सिमेंटच्या बाबतीत माझे नाक जरा वर असते, हे वाचणाऱ्याने धरून चालावे.

वर्ग फोंडा तालुक्यातल्या एका गावात, एका बाईंच्या मागच्या अंगणात भरतो. फी माणशी ८०० रुपये. त्यात साहित्य, घरी न्यायला एक मध्यम कुंडी आणि मधल्या वेळी भाजी-पाव व चहा. बायकोला हौस म्हणून ती, आणि गाडी चालवायला म्हणून मी. निघतानाच तिने बजावले होते, “अहो, तिथे जाऊन साइटवरच्यासारखा आवाज लावू नका.”

आधी चांगले सांगतो. बाईंच्या हातात कला आहे. मोठ्या बादलीत लहान बादली बसवून साचा कसा करायचा, बादलीला आतून खोबरेल न लावता वापरून झालेले तळणीचे तेल का लावायचे (स्वस्त, एवढेच कारण!), भोकासाठी तळाशी पीव्हीसी पाइपचा तुकडा कसा उभा करायचा, हे सगळे त्यांनी प्रत्येकाकडे जाऊन, हात धरून दाखवले. अळूच्या पानाचा ठसा तर मी पाहतच राहिलो. पानाची मागची बाजू, म्हणजे शिरा उठून दिसतात ती, लगद्याकडे करून पान साच्याच्या आतल्या अंगाला चिकटवायचे आणि त्यावर मिश्रण अंगठ्याने दाबत न्यायचे. कुंडी साच्यातून काढली की पान सोलून निघते आणि मधली शीर, तिला फुटलेले फाटे, फाट्यांमधली बारीक जाळी, सगळे सिमेंटवर जसेच्या तसे राहते. एका ठिकाणी किड्याने पान खाल्ले होते, त्या भोकाची कडसुद्धा उमटली होती. असले काम आमच्या कुठल्या मेस्ताने, म्हणजे गवंड्याने, केले असते तर मी त्याला वरची मजुरी दिली असती.

आता तक्रार. हातमोजे म्हणून मिळाले ते मिठाईवाले लाडू भरताना घालतात तसले पातळ प्लास्टिकचे. अर्ध्या तासात बोटांवर फाटले. ओले सिमेंट चांगलेच दाहक असते, तासन्‌तास हात त्यात राहिले तर कातडी सोलते, भाजल्यासारख्या जखमाही होतात. शेजारी बसलेल्या एका मुलीची बोटे संध्याकाळपर्यंत लाल झाली होती. जाड रबरी मोजे बाजारात शंभराच्या आत-बाहेर मिळतात, ८०० रुपये फीमध्ये ते बसायला हवेत. दुसरे म्हणजे सिमेंटचे पोते. ते आधीच फोडलेले होते आणि आत गाठी होत्या. बोटांनी चुरडली जाते ती गाठ चालते, न चुरडणारी फेकायची, हा साधा नियम. पोत्यावर ते कुठल्या आठवड्यात भरले ते छापलेले असते आणि तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासल्याशिवाय घेऊ नये असे आम्ही साइटवर म्हणायचो. गोव्याच्या दमट हवेत, फोडलेल्या पोत्याला तर तेवढीही मुदत नाही.

पण खरी तक्रार शेवटी. बाई म्हणाल्या, “काका, दोन दिवस कडक उन्हात ठेवायची, एकदम टणक होते. मग लगेच झाड लावा.” मी बायकोकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी चहा घेतला.

सिमेंटला घट्टपणा उन्हाने येत नाही, पाण्याने येतो. सिमेंटचे कण पाण्याशी संयोग पावतात आणि त्यातून बळ तयार होते. त्यातले पाणी उन्हाने आधीच उडवले तर ती क्रिया अर्ध्यावर थांबते आणि वरून टणक, आतून भुसभुशीत अशी वस्तू हाती येते. म्हणून तर स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवसापासून मजूर पाणी मारत बसतात. सिमेंटची ताकद मोजतात ती २८ दिवसांची. पहिल्या आठवड्यात त्यातली साधारण दोन-तृतीयांश येते, आणि हल्ली दुकानात सर्रास मिळणारे पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले सिमेंट, त्याहून सावकाश चालते. कागद तर आणखी खोडा घालतो. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाचा अंश बराच असतो आणि लाकडातून सुटणारी साखरेसारखी द्रव्ये सिमेंटचे जमणे लांबवतात. तेव्हा साध्या सिमेंटच्या कुंडीला जेवढा धीर लागतो त्याहून इथे जास्त लागतो. एक गोष्ट मात्र कागदाच्या बाजूची आहे: तो पोटात पाणी धरून ठेवतो आणि आतून हळूहळू सिमेंटला देत राहतो. वरून प्लास्टिक गुंडाळून सावलीत ठेवली की कुंडी स्वतःला स्वतःच पाणी मारते म्हणा ना.

घरी आल्यावर आम्ही पुढच्या कुंड्या याच हिशेबाने केल्या. काम बायकोचे, हुकूम माझे, असे तिचे म्हणणे आहे.

कागदाविषयी थोडे. आमच्याकडे रोजची दोन मराठी वर्तमानपत्रे येतात, त्यामुळे रद्दीला तोटा नाही, पण ती सरसकट भिजवता येत नाही. गुळगुळीत, चकचकीत पुरवण्यांचा लगदा नीट होत नाही, त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. शिवाय आमच्या घरात देवाचे चित्र असलेले पान बादलीत जात नाही. चतुर्थीच्या दिवसांतल्या अंकांतून मग उरते काय? श्रद्धांजलीची पानेही बायको बाजूला काढते. ओळखीच्या माणसाचा फोटो लगदा करायच्या ड्रिलखाली घालायचा म्हणजे बरे दिसत नाही. त्या निवडानिवडीत सकाळ जाते. शेवटी तोडगा अंड्यांच्या ट्रेमध्ये सापडला. ते मुळातच लगदा दाबून केलेले असतात, रात्रभर भिजवले की हातानेच विरघळतात, आणि पाववाल्याच्या नाहीतर अंडीवाल्याच्या दुकानात मागितले की फुकट मिळतात. वर्गात हे कोणी सांगितले नव्हते.

लगदा करायला रंग ढवळायची लोखंडी कांडी ड्रिलला लावतो. मिक्सर वापरा असे व्हिडिओवाले सांगतात. ज्या घरात त्याच मिक्सरवर हुमणाचा, म्हणजे माशाच्या कालवणाचा, मसाला वाटायचा आहे तिथे हा सल्ला देऊन पाहा. लगदा पंचात घालून पिळायचा आणि मुठीत दाबल्यावर लाडू वळावा तसा गोळा राहिला पाहिजे, पाणी ठिबकता कामा नये. पाणी जास्त झाले की सिमेंटचे बळ गेले, हा नियम पुलाला लागू आहे तसा कुंडीलाही.

प्रमाण वर्गात शिकवले ते एक भाग सिमेंटला तीन भाग लगदा, रेती नाही. दिवाणखान्यात ठेवायच्या शोभेच्या भांड्याला ते ठीक, फार हलके होते. बाहेर ठेवायच्या कुंडीला मी एक सिमेंट, एक रेती आणि एक ते दीड लगदा, असे घमेल्याच्या मापाने घेतो. वजन थोडे वाढते, पण पावसात फरक दिसतो, तो पुढे सांगतो. नदीची रेती गोव्यात मिळवणे आता सोपे राहिलेले नाही. दगड दळून केलेली कृत्रिम रेती हार्डवेअरवाल्याकडे पिशवीने मिळते, ती चाळून घेतली की काम होते. खाडीची किंवा किनाऱ्यावरची रेती मात्र आणू नका. मिठाने झाडही जाते आणि कुंडीवर खारही फुटतो. भिंतीची जाडी नुसत्या बोटाच्या रुंदीएवढी नको, निदान एक इंच हवी, आणि तळाला त्याहून थोडी जास्त. पाण्याचे भोक एक नको, तीन हवीत.

मिश्रण भरून झाले की दुसऱ्या दिवशी आतली बादली काढायची, बाहेरची तशीच ठेवायची. आणखी दोन-तीन दिवसांनी तीही काढून कुंडी ओल्या गोणपाटात गुंडाळायची, वर प्लास्टिक, आणि पडवीच्या कोपऱ्यात महिनाभर विसरून जायचे. गोणपाट सुकले की पाणी मारायचे. बस.

मग येतो चुना. सिमेंट जमताना त्यातून चुना सुटत असतो. नव्या कुंडीत भरलेले पाणी म्हणजे चुन्याची निवळीच. आम्ही वर्गातून आणलेली कुंडी दोन दिवस उन्हात ठेवून, बाईंनी सांगितल्याबरहुकूम, त्यात अनंत लावला. हा हट्ट माझा नव्हे. महिन्याच्या आत नवी पाने पिवळी पडली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. हे लोह न मिळाल्याचे लक्षण. आमच्या लाल मातीत लोह भरपूर आहे, पण माती चुनखडीकडे झुकली की मुळांना ते उचलता येत नाही. अनंत, एक्झोरा, अबोली ही आपल्याकडची आंबट मातीवर पोसलेली झाडे, त्यांना हा चुना सोसत नाही. अनंत उपसून जमिनीत लावला तेव्हा तो सावरला.

चुना गेला की नाही हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, स्वयंपाकघरातली हळद पुरते. कुंडीची भोके मेण लावून बंद करायची, काठोकाठ पाणी भरायचे, रात्रभर ठेवायचे. सकाळी त्यातले पाणी एका काचेच्या पेल्यात घ्यायचे, दुसऱ्या पेल्यात विहिरीचे साधे पाणी. दोन्हींत चिमूटभर हळद. साधे पाणी पिवळेच राहते. कुंडीच्या पाण्यात हळद पडताक्षणी खाली जाता जाता लाल धागे सोडते आणि ढवळले की सगळा पेला विटकरी लाल होतो. हळद आणि चुन्याचे कुंकू होते ते याच कारणाने, म्हणून आमच्या आईच्या पिढीला हा प्रयोग नवा वाटला नसता. पाणी फेकायचे, नवे भरायचे, पुन्हा रात्रभर. प्रत्येक वेळी लाली उतरत जाते. विटकरीची नारिंगी, नारिंगीची नुसती गडद पिवळी. दोन्ही पेल्यांच्या रंगांतला फरक ओळखता येईनासा झाला की झाड लावायला हरकत नाही. दुकानाच्या हळदीत कधी रंग मिसळलेला असतो, तेव्हा घरची दळलेली घ्या. व्हिनेगर ओतून हे काम झटपट करा असेही कोणी सुचवतात. व्हिनेगर चुन्याबरोबर सिमेंटलाही खाते, आणि पाणी फुकट आहे.

हे सारे उन्हाळ्याच्या शेवटी, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, धांदलीत कुंड्या घालून केले की पावसाळा उरलेले काम करतो. महिनाभर सावलीत मुरलेल्या कुंड्या जूनच्या पहिल्या सरींत रिकाम्या आणि उघड्या ठेवायच्या, पाऊस धुऊन काढतो. ओली असताना, म्हणजे घातल्या घातल्या, मात्र तिच्यावर थेंब पडू देऊ नका. सिमेंट वाहून जाते आणि मागे भिजका कागद उरतो.

आता पावसातला निकाल. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, तेव्हा ही परीक्षा सोपी नाही. वर्गातली रेतीविना कुंडी आम्ही मुद्दाम गच्चीवर उघड्यावर ठेवली. श्रावणापर्यंत तिच्या काठावर नख रुतू लागले, तळ मऊ पडला आणि बाहेरून काळी बुरशी चढली. चतुर्थीच्या साफसफाईत उचलताना काठाचा तुकडा हातात आला. पानाचा ठसा मात्र शेवटपर्यंत शाबूत होता, हे त्या बाईंच्या श्रेयात जमा. रेती घालून, मुरवून केलेल्या कुंड्यांपैकी गच्चीवरच्या कुंड्या हिरव्या झाल्या, पण नख रुतत नाही आणि तळ वाजवला की ठणठणीत आवाज येतो. पडवीतल्या, पागोळ्या न लागणाऱ्या कुंड्या तर होत्या तशा आहेत. दोन ठिकाणी पांढरा खार फुटला तो काथ्याच्या ब्रशने निघाला. वाळवीची मला धास्ती होती. अजून तरी लागलेली नाही.

शेवाळ धरते याला काही जण दोष म्हणतील. मला ते आवडते. इंग्लंडात दगडी डोण्या महाग झाल्यावर डोंगरी झाडे लावणाऱ्या हौशी लोकांनी सिमेंटमध्ये पीट, म्हणजे दलदलीतला कुजका पालापाचोळा, मिसळून अशाच हलक्या कुंड्या करायला घेतल्या, त्यांना हायपरटुफा म्हणतात, आणि तिथे लोक त्यांच्यावर शेवाळ चढावे म्हणून ताक फासतात. आपल्याला ताक पिता येते, शेवाळ आपोआप येते.

एक गोष्ट कराच: कुंडी थेट लादीवर ठेवू नका. खाली चिऱ्याचे तीन तुकडे ठेवा. तळ सतत ओल्यात राहिला की चांगली कुंडीही तिथूनच जाते.

झाडांचे म्हणाल तर क्रोटन, सदाफुली, पानफुटी, शेवंती, कोरफड या कुंड्यांत मजेत आहेत. तुळसही छान आली, आणि तिला काही नवल नाही. गोव्यातली अर्धी तुळशी वृंदावने सिमेंटचीच आहेत. कागद ओल धरत असल्यामुळे उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड घातले तरी चालते, मातीच्या कुंडीला रोज लागते. उलट पावसात कोरफडीची कुंडी आत घ्यावी लागते, कारण तीच ओल तेव्हा मुळांवर उठते. जाईला यातले काही नको. आम्ही म्हार्दोळच्या अंगाला राहतो, इथे जाई जमिनीतच लावतात आणि तेच बरोबर आहे.

खर्चाचा हिशेब. सिमेंटचे ५० किलोचे पोते चारशेच्या आसपास, त्यात मध्यम आकाराच्या कुंड्यांची रांग होते. पण एवढे लागत नसेल तर पोते फोडून पावसाळ्यात ठेवू नका, हार्डवेअरवाल्याकडून सुटे किलोने आणा. कागद फुकट. तेव्हा पैशांत ही कुंडी स्वस्त, वेळेत महाग. डिचोलीच्या कुंभाराची मातीची कुंडी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तयार मिळते, तिला मुरवायला नको, चुना काढायला नको, आणि अनंत-अबोलीला ती केव्हाही उजवी. मग कागद-सिमेंट कशाला? वजनासाठी. आमची गच्ची जुनी आहे आणि तिच्यावर काँक्रीटच्या कुंड्या मांडायला मी कोणाला परवानगी देणार नाही. ही कुंडी मातीसकट बायको एकटी सरकवते. शेजारच्या काकांनी सिमेंटची समजून दोन्ही हातांनी जोर लावून उचलली आणि मागे जात म्हणाले, “जड ना मरे ही!” (जड नाही रे ही!) फ्लॅटच्या बाल्कनीत राहणाऱ्यांना हे एक कारण पुरेसे आहे. शिवाय पडली तर मातीची फुटते, हिचा फार तर टवका जातो.

वर्गाला पाचपैकी तीन. हाताचे काम शिकायला, विशेषतः ठशासाठी, जरूर जा. स्वतःचे रबरी मोजे न्या, आणि कुंडी कधी वापरायची याविषयी जे सांगतील ते ऐकून घरी सोडून द्या. घरी मुरवून केलेल्या कुंडीला चार. एक गुण मी चुन्यासाठी कापला आहे.

तयार घ्यायची असेल तर जत्रेत किंवा हस्तकलेच्या स्टॉलवर रंगावर जाऊ नका, रंगाखाली काय आहे ते दिसत नाही. कुंडी उलटी करून काठावर नख ओढून पाहा. भुगा निघाला तर ठेवून द्या. तळाशी भोके आहेत का बघा, कित्येकांना नसतातच आणि नंतर ड्रिल मारताना तळ उडतो. आणि विचारा, “कधी घातली?” मागच्या आठवड्यात म्हणाले तर घ्यायला हरकत नाही, पण भाव पाडून घ्या आणि महिनाभर गोणपाटात ठेवा, कारण उरलेले काम तुम्हालाच करायचे आहे.